कस, तोल आणि चमच्याच्या पाठीवरील अक्षरे

सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला येरळेच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे कचेरीचे गाव. त्याच्या पलीकडे माण, आणि खाली सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, असा हा सगळा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला. आभाळाच्या भरवशावर पोट भरत नाही हे ध्यानी आल्यावर येथील माणसांनी परमुलूख जवळ केला यात विशेष काही नाही, कारण दुष्काळी प्रदेशांचा तो सनातन शिरस्ताच आहे. परंतु ज्या भूमीत सोन्याची खाण नाही आणि चांदीचा कणही उगवत नाही, त्या भूमीतील शेतकरी कुटुंबांनी सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हुन्नर आत्मसात करावा, आणि पंजाबपासून केरळापर्यंत व गुजरातेपासून बंगालपर्यंत ज्या ज्या शहरात सराफकट्टा आहे त्या त्या शहरात आपली भट्टी मांडावी, हा मात्र आर्थिक इतिहासातील एक विलक्षण प्रकार म्हटला पाहिजे. या धंद्याला गलाई म्हणतात, तो करणाऱ्यांना गलाईवाले, आणि विट्याच्या बाजारपेठेपासून वडूज, मायणीपर्यंत असे गाव विरळाच की ज्यातील दोनचार घरांची मुले परराज्यात गलाईच्या दुकानावर नाहीत.

गलाईच्या दुकानात डोळ्यांत भरण्याजोगे काही नसते. एक भट्टी, लहानमोठ्या मुशी, चिमटे, टाकणखार व नवसागर यांचे डबे, तेजाबाच्या बाटल्या, कसोटीचा काळा दगड आणि काचेच्या पेटीतला तराजू, एवढाच त्याचा सरंजाम. सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची धूळ, मोडीचे दागिने, जरीचे फाटके काठ, असा अनेक परींचा माल येथे येतो आणि त्याची लगडी होऊन परत जाते. या व्यवहारात प्रत्येक वस्तूस दोन प्रश्न विचारले जातात, आणि ते कधीही एकमेकांत मिसळू दिले जात नाहीत. पहिला प्रश्न कसाचा, म्हणजे शंभर किंवा हजार भागांत शुद्ध धातू किती. दुसरा तोलाचा, म्हणजे एकंदर वजन किती. या दोहोंचा गुणाकार झाल्यावाचून किंमत ठरत नाही. जुन्या विलायती काट्या-चमच्यांच्या पाठीवर जी अक्षरे, आकडे आणि चित्रे उमटवलेली असतात, त्यांच्याविषयी जे गैरसमज होतात त्यांतील बहुतेक या दोन प्रश्नांची गफलत झाल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. म्हणून त्या खुणांचा उलगडा गलाईवाल्याच्या नजरेने करावा हे बरे.

अशी चीजवस्तू या मुलखात आली कोठून, अशी शंका येणे साहजिक आहे. महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे उन्हाळी ठाणे होते आणि तेथील व पाचगणीतील बंगल्यांतून युरोपियन कुटुंबांचा राबता असे. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने याच टापूत एकमेकांना खेटून होती, आणि गोऱ्या साहेबाच्या सरबराईसाठी विलायती मेजाचे सामान बाळगणे हा संस्थानिकांचा त्या काळचा रिवाज होता. मुंबईस आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये आपली वखार उघडल्यावर तर असा माल मागविण्यास विलायतेस पत्र धाडण्याचीही गरज उरली नाही. पुढे साहेब गेले, संस्थाने विलीन झाली, बंगल्यांचे लिलाव झाले, आणि मखमली कप्प्यांच्या पेट्यांतून हे काटे-चमचे मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि कोणाकोणाच्या माळ्यावर जाऊन पडले. चमक पाहून घरातील मंडळी त्यांना चांदीचे समजतात, आणि पाठीवरील बारीक शिक्के पाहून त्या समजुतीची जणू खातरजमाच झाली असे मानतात.

प्रथम अस्सल चांदीचा शिक्का कसा असतो ते पाहू. इंग्लंडात चांदीच्या जिनसांवर सरकारी देखरेखीखाली मोहोर उमटविण्याची पद्धत फार जुनी आहे. पहिल्या एडवर्ड राजाच्या अमदानीत, १३०० साली, ठराविक कसाखालची चांदी विकू नये असा कायदा होऊन बिबट्याच्या मुखाची खूण ठरविण्यात आली. १४७८ पासून प्रतिवर्षी बदलणारे एक अक्षर उमटवू लागले, ज्यावरून वस्तूचे साल आजही काढता येते. आणि १५४४ पासून उजवा पंजा उचलून चालणारा सिंह हा स्टर्लिंग कसाचा साक्षीदार झाला. स्टर्लिंग म्हणजे बारा औंसांच्या ट्रॉय पौंडात अकरा औंस दोन पेनीवेट शुद्ध चांदी, अर्थात हजारात ९२५ भाग. मध्यंतरी, १६९७ ते १७२० या काळात, लोक चालू नाणी वितळवून भांडी घडवितात म्हणून भांड्यांचा कस सक्तीने वाढवून हजारात सुमारे ९५८ करण्यात आला, त्यास ब्रिटानिया कस म्हणतात. शहराची खूण वेगळी असे: लंडनचे बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट, एडिंबरोचा किल्ला. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन शहरांना परीक्षण-कचेरीची सनद १७७३ मध्ये एकदमच मिळाली. दर्यापासून इतके दूर असलेल्या बर्मिंगहॅमच्या वाट्यास नांगर कसा आला, तर सनदेसाठी खटपट करणारी मंडळी लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत जमत असत, असे सांगतात. १७८४ ते १८९० या काळातील जिनसांवर जकात भरल्याची निशाणी म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही सापडते. तात्पर्य, अस्सल इंग्रजी स्टर्लिंग चांदीवर सिंह असावाच लागतो. सिंह नसेल तर बाकीचे शिक्के कितीही देखणे असोत, त्यांची रुजुवात करावी लागते.

आता आपल्याकडील पेट्यांतून निघणाऱ्या शंभरातल्या बहुतेक चमच्यांवर काय आढळते? सिंह नाही, बिबट्या नाही. चार वेगवेगळ्या ढालींच्या आकृतींत रोमन लिपीतील ई, पी, एन, एस ही चार अक्षरे, क्वचित जुन्या वळणाच्या लपेटीत, एका ओळीत अशी उमटविलेली की, लांबून पाहणाऱ्यास तो सरकारी शिक्क्यांचाच संच वाटावा. हा भास योगायोगाने झालेला नाही. मुलाम्याचा माल करणाऱ्या कारखानदारांनी तो बुद्ध्या निर्माण केला. कायद्याने त्यांना सिंह वापरण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी सिंहाच्या आजूबाजूची रांगोळी तेवढी उचलली. काहींनी तर मुकुटही बिनदिक्कत वापरला, आणि तो शेफील्डच्या परीक्षण-कचेरीचा असल्यामुळे अखेर १८९६ मध्ये त्यास मनाई करावी लागली. कारखान्यांची स्वतःची चिन्हे यांखेरीज असत: वॉकर अँड हॉलचे निशाण, जेम्स डिक्सनचे तुतारी व झेंडा, हटनचे आडवे-उभे बाण, मॅपिन अँड वेबचे 'प्रिन्सेस प्लेट' हे नाव. ही चिन्हे कारखाना आणि अदमासे काळ सांगतात, कस मुळीच सांगत नाहीत.

त्या चार अक्षरांचा अर्थ 'निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा' एवढाच. त्यांतील निकेल सिल्व्हर म्हणजे तांबे सुमारे साठ टक्के आणि बाकी निकेल व जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदीचा अंशही नसतो. चीनमध्ये असा मिश्रधातू पूर्वापार होत असे, जर्मनीत १८२० नंतरच्या दशकात तो कारखान्यात होऊ लागला, म्हणून त्यास जर्मन सिल्व्हर म्हणतात. (आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचे' म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये.) तिसऱ्या-चौथ्या जागी बी, एम असल्यास आतील धातू कथिल, अँटिमनी व थोडे तांबे यांचा, ज्यास ब्रिटानिया मेटल म्हणतात, आणि ब्रिटानिया कसाची अस्सल चांदी व हा कथलाचा धातू यांचे नाव एकच असावे हा व्यापाराचा एक खट्याळपणाच म्हणावयाचा. नुसते सी असल्यास आत तांबे. 'ए वन' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ एवढाच की, हा त्या कारखान्याचा उत्तम प्रतीचा मुलामा; पण उत्तम म्हणजे किती, हे इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने ठरवीत असे.

या मुलाम्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शेफील्डमधील टॉमस बोल्सोव्हर नावाचा कारागीर १७४२-४३ च्या सुमारास सुरीची मूठ दुरुस्त करीत असता त्याच्या ध्यानात आले की, तांबे आणि चांदी एकत्र तापविली असता ती एकजीव होऊन चिकटतात व मग तो जोडपत्रा एका पत्र्यासारखा लाटता येतो. त्याने त्यापासून गुंड्या केल्या. इतरांनी पुढे चहाची भांडी, मेणबत्त्यांची ठाणवई असे पुष्कळ केले. परंतु पत्र्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ उघडी पडे, ती झाकण्याचा उपद्व्याप मोठा, आणि भरीव घडावाचे काटे-चमचे या रीतीने नीटसे साधत नसत. विजेच्या मुलाम्याने हा प्रश्न सोडविला. बर्मिंगहॅमचे जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन व त्यांचे चुलत बंधू हेन्री यांनी १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्यातील सायनाइडच्या द्रावणाची युक्ती मुळात जॉन राइट नावाच्या एका शस्त्रवैद्याची होती. दोनच वर्षांनी पॅरिसच्या क्रिस्तोफ्लने फ्रान्सपुरते हक्क विकत घेतले, आणि मग वस्तू आधी स्वस्त धातूची घडवून शेवटी तिच्यावर हवी तेवढी चांदी चढवावयाची हा क्रम रूढ झाला. पितळी भांड्यावर कल्हई चढवितात तसाच हा प्रकार, फरक एवढाच की येथे कापसाच्या बोळ्याऐवजी विजेचा प्रवाह काम करतो.

'हवी तेवढी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण विजेच्या मुलाम्यात चांदी मोजून चढविता येते. फॅरडेच्या नियमानुसार एक अँपियरचा प्रवाह तासभर वाहिला तर जवळजवळ चार ग्रॅम चांदी वस्तूवर जमते. त्याहून कमी नाही की जास्त नाही. म्हणजे पाच अँपियरचा प्रवाह साडेचार तास चालू ठेवला तर सुमारे नव्वद ग्रॅम, अर्थात पावणेआठ तोळ्यांच्या आसपास चांदी चढते. सरळ गणिताचा मामला असल्यामुळे युरोप खंडातील कारखान्यांनी हे वजनच मालावर कोरण्याचा प्रघात पाडला, आणि येथूनच त्या आकड्यांचा जन्म झाला ज्यांनी आजपर्यंत असंख्य घरांत खोटी आशा उत्पन्न केली आहे.

जर्मनीत गाइसलिंगेन येथील प्रसिद्ध डब्ल्यू. एम. एफ. कारखाना १८८० मध्ये स्थापन झाला. त्याचा एखादा काटा हाती घेऊन भिंगाखाली धरावा. दांड्याच्या मागल्या बाजूस कारखान्याची अक्षरे, त्यांच्याजवळ बहुधा एका लहानशा आकृतीत ९० हा आकडा, आणि कधी त्यापुढे ४५. पाहणारा म्हणतो, नव्वद म्हणजे नव्वद टक्के चांदी. वस्तुतः येथे टक्क्याचा संबंधच नाही. बारा काटे आणि बारा मोठे चमचे, अशा चोवीस नगांवर मिळून नव्वद ग्रॅम चांदी चढविली आहे, एवढेच तो आकडा सांगतो. दुसरा आकडा त्या जातीच्या एक डझन नगांवरील चांदीचा, म्हणून पंचेचाळीस. भागाकार केला तर प्रत्येक नगाच्या वाट्यास पावणेचार ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सादेखील पुरता येत नाही. जाडीच्या भाषेत सांगावयाचे तर चोवीस नगांचे एकूण पृष्ठफळ सुमारे चोवीसशे चौरस सेंटिमीटर धरतात, त्यावर नव्वद ग्रॅम चांदी पसरली की थर मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढा बसतो. आपल्या जुन्या माणसांना अधिक कळेल असे सांगावयाचे तर १९४० पूर्वीच्या बंद्या रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे १०.६९ ग्रॅम असे. तेव्हा साडेआठ रुपयांहून थोड्या कमी चांदीत या चोवीस काट्या-चमच्यांचा सगळा दिमाख उभा राहिला आहे. ९० हा आकडा चांगल्या प्रतीचा समजतात. १०० त्याहून भारी, आणि ६० किंवा ४० असल्यास माल हलका. आकडा खरा आहे, प्रामाणिक आहे, पण तो तोलाचा आहे. कसाचा आकडा हजारातील भागांत असतो व तीन अंकी असतो: ८००, ८३५, ९००, ९२५. १८८४ च्या जर्मन कायद्याने अस्सल चांदीस अर्धचंद्र व मुकुट ही खूण ठरविली आणि तो कायदा १८८८ पासून अंमलात आला. त्या खुणेसह ८०० दिसले तर माल खरा, केवळ ९० दिसले तर मुलाम्याचा. एका शून्याने येथे राव-रंकाचा फरक पडतो.

याहून पेचदार प्रकरण ८४ या आकड्याचे आहे. क्रिस्तोफ्लच्या काही जुन्या काट्या-चमच्यांवर ८४ असते, आणि त्याचा अर्थ वरीलप्रमाणेच, बारा-बारा नगांवर चौऱ्याऐंशी ग्रॅम. परंतु झारकालीन रशियातील चमच्यांवरही ८४ असते, आणि तो माल भरीव चांदीचा असतो, कारण रशियात शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक धरीत व ८४ झोलोत्निक म्हणजे हजारात ८७५ भाग. आकडा तोच, एके ठिकाणी तोल, दुसऱ्या ठिकाणी कस. निवाडा सभोवतालच्या खुणांवरून करावयाचा: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रशियन मोहोरेत डोक्यावर उंच शिरोभूषण ल्यालेल्या स्त्रीचा मुखवटा येतो, फ्रेंच मुलाम्याच्या मालावर कारखानदाराची चौकट चौकोनी असते, तर अस्सल चांदीच्या फ्रेंच मालावर ती शंकरपाळ्याच्या आकाराची, आणि तिच्या जोडीला १८३८ पासून मिनर्व्हा देवतेचे शिरस्त्राणधारी मस्तक. चौकोन आणि शंकरपाळा यांत भेद करावयास भिंग चांगले हवे, एवढेच.

अमेरिकेचा हिशेब निराळा आणि अधिक चिमूटभर. तेथे एक ग्रोस, म्हणजे १४४ चहाच्या चमच्यांवर दोन ट्रॉय औंस चांदी चढविली की तो माल सामान्य प्रतीचा. सहा औंस चढविली की 'ट्रिपल', आणि आठ औंस म्हणजे 'क्वाड्रुपल'. सामान्य प्रतीच्या चमच्यावर अर्धा ग्रॅमदेखील चांदी नसते. एका राणीछाप रुपयातील चांदी असल्या चोवीस चमच्यांना पुरून उरेल. अमेरिकन चमच्यांवर '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असे नाव पुष्कळदा सापडते, आणि तो चमचा १८४७ सालचा म्हणून दाखविणारे विक्रेते मी पाहिले आहेत. ते साल कारखान्याच्या नावाचा भाग होऊन बसले आहे आणि विसाव्या शतकातील चमच्यांवरही ते तसेच्या तसे विराजमान आहे.

नावांनी होणारी फसगत स्वतंत्रच. नेवाडा सिल्व्हर, ब्राझिलियन सिल्व्हर, पोटोसी सिल्व्हर, अशी खाणींच्या मुलखांची नावे चमच्यांवर ऐटीत कोरलेली असतात. पोटोसी हा दक्षिण अमेरिकेतील चांदीचा जगप्रसिद्ध डोंगर, त्यामुळे नाव ऐकूनच मन विरघळते. परंतु असल्या चमच्यांत पोटोसीची चांदी तर नाहीच, दुसऱ्या कोणत्या खाणीची असेल तर ती वरच्या सालीपुरती. अल्पाका आणि अर्जेंटान ही तर निकेल सिल्व्हरचीच दुसरी नावे.

आणि एक सापळा असा आहे की त्यात जाणते सराफही सापडतात. मासे खाण्याच्या सुऱ्या-काट्यांचा संच घ्या: पाते नक्षीदार, मूठ हाडाची किंवा हस्तिदंती, आणि दोहोंच्या सांध्यावर एक अरुंद चकती. त्या चकतीवर पाहावे तर नांगर किंवा मुकुट, साल दाखविणारे अक्षर आणि साक्षात चालता सिंह! शिक्के अस्सल असतात, सिंह खरा असतो. मात्र तो केवळ त्या चकतीचा असतो, जिचे वजन दोन-तीन ग्रॅम. पाते मुलाम्याचेच. तीच गोष्ट मेजावरील सुऱ्यांची: मुठीवर सिंह असला तरी ती मूठ आतून पोकळ, चांदीचा पातळ पत्रा ठोकून केलेली आणि राळ किंवा लाख भरून जड केलेली, पाते पोलादाचे. अख्खी सुरी तराजूत टाकून ९२५ ने गुणले तर घेणाऱ्याचे दिवाळे वाजेल. भट्टीत ती तशीच टाकली तर राळ पेटून जो धूर होईल तो वेगळाच.

हिंदुस्थानात घडलेल्या चांदीच्या जिनसांची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. इंग्रजी अमलात येथे विलायतेसारखी सरकारी परीक्षण-कचेरी नव्हती. त्यामुळे कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर, भुजचे उमरसी मावजी अशा नामांकित पेढ्या आपले नाव किंवा अक्षरे हीच मोहोर म्हणून उमटवीत, आणि गिऱ्हाइकाचा भरवसा पेढीच्या अब्रूवर चाले. म्हणून भुजची अक्षरे असलेली साखरदाणी सिंह नाही म्हणून खोटी ठरवू नये. तेथे नियम उलटा आहे. आपल्या देशात चांदीसाठी हॉलमार्कची सरकारी व्यवस्था भारतीय मानक ब्यूरोने २००५ मध्ये सुरू केली. तेव्हा त्यापूर्वीच्या देशी मालाला कसोटीवाचून इलाज नाही.

कसोटीकडे वळण्यापूर्वी डोळ्यांनी होण्यासारखे काम आधी उरकावे. चमच्याच्या वाटीचा मागील फुगवटा, जो मेजावर टेकतो, आणि काट्याची टोके ही मुलाम्याची दुबळी ठाणी. वर्षानुवर्षांच्या घासणीने चांदी प्रथम तेथून जाते आणि खालून निकेल सिल्व्हरची किंचित पिवळसर, निस्तेज छटा डोकावू लागते. (चांगल्या कारखान्यांनी हे ओळखून अशा जागी मुद्दाम अधिक चांदी चढविली आहे.) चमचा काळा पडतो म्हणून तो चांदीचा, ही समजूत सोडून द्यावी, हवेतील गंधकाने वरची साल काळवंडते, आणि साल दोन्हीकडे चांदीचीच असते. लोहचुंबकही येथे कुचकामी, कारण निकेल सिल्व्हर चुंबकास चिकटत नाही. भरवशाची परीक्षा पाण्याची. साठ ग्रॅमचा चमचा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोलला तर स्टर्लिंगचे वजन ५.८ ग्रॅमने घटते आणि निकेल सिल्व्हरचे सातच्या जवळपास. कारण शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहापट जड, स्टर्लिंग त्याहून किंचित कमी, आणि निकेल सिल्व्हर पावणेनऊपटीच्या आतबाहेर. वस्तूस चरा पडत नाही, तेजाबाचा डाग पडत नाही. पोकळ मुठीच्या सुरीस मात्र ही परीक्षा लागू नाही.

गलाईवाला कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब सोडतो, तेव्हा मुलाम्याच्या मालाबाबत तो एक दक्षता घेतो: पृष्ठभाग नुसता घासला तर दगडावर उमटते ती वरची चांदीच, आणि ती हजारात नऊशेहूनही अधिक कसाची निघते, कारण विजेने चढलेली चांदी जवळजवळ शुद्ध असते. म्हणून कानशीने आडबाजूस बारीक खाच पाडून आतील धातू दगडावर घ्यावा लागतो. बायक्रोमेट मिसळलेल्या नत्राम्लाच्या थेंबाखाली चांदीची रेघ रक्तासारखी लाल होते, आतल्या धातूची होत नाही. खाच पाडल्यावर वस्तूची शोभा गेली. तेव्हा ज्यास ती शोभेसाठी विकावयाची आहे त्याने येथवर येऊच नये.

आणि खाच पाडून, वितळवून पदरात काय पडते? समजा, चोवीस नगांची ९० आकड्याची पेटी आहे आणि ती पन्नास वर्षे रोजच्या वापरात होती. नव्वदातील वीस-पंचवीस ग्रॅम तर घासणीबरोबर केव्हाच मोरीत वाहून गेलेली असते. उरलेली चांदी दीड किलोच्या तांबे-निकेल-जस्ताला चिकटून बसलेली. सगळे मुशीत वितळविले तर शंभरात चारपाच भाग चांदीचा एक भिकार मिश्रधातू हाती येतो, तो नत्राम्लात विरघळवावयाचा तर तांबे आणि निकेल ढीगभर तेजाब खाऊन टाकतात. नंतर त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी खाली बसवावयाची, ती धुऊन पुन्हा आटवावयाची, आणि हिरव्यानिळ्या विषारी पाण्याची विल्हेवाट लावावयाची. वितळविल्यावाचून वरची साल तेवढी काढण्याच्या रासायनिक रीती आहेत, पण त्याही शेकड्यांनी माल असेल तरच परवडतात. म्हणून अनुभवी गलाईवाला ई. पी. एन. एस. चा एखाददुसरा डझन समोर आला तर तोलण्याचीही तसदी घेत नाही, पेटी बंद करून परत देतो. ग्राहकास वाटते, भाव पाडतो आहे, वस्तुतः तो खरे बोलत असतो.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांना सांगणे एवढेच. सिंह, मिनर्व्हा, अर्धचंद्र-मुकुट, रशियन स्त्रीमुख किंवा तीन अंकी आकडा यांपैकी काही सापडले तर वस्तू टंच काढणाऱ्याकडे न्यावी व चकती कोणती आणि पाते कोणते हे आधी पाहून घ्यावे. चार ढालींतली चार अक्षरे, दोन अंकी आकडा किंवा खाणीचे नाव सापडले तर ती भट्टीपासून दूर ठेवावी, राखेने किंवा तारेच्या काथ्याने घासू नये, आणि मोडीत देण्याऐवजी संच न फोडता, पेटीसकट, जुन्या वस्तूंच्या शौकिनास द्यावी. पूर्ण संचास तो जे मोल देईल ते त्यावरील चांदीच्या मोलाहून बहुधा अधिकच असते.